कोंबड्यांची मरी आणि लशीचा प्रश्न

इसवी सन १९१८ सालीं जी तापाची साथ मुंबई बंदरांतून देशांत शिरली आणि पाहतां पाहतां गांवेंच्या गांवें झोडपून गेली, तिला महाराष्ट्रांतील लोकांनीं ‘मानमोडी’ असें नांव दिलें होतें. त्या साथींत हिंदुस्थानांत किती माणसें दगावलीं ह्याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. तथापि एक कोटीच्या खालीं आतां सहसा कोणी उतरत नाहीं. ज्यांच्या घरांत जुन्या माणसांच्या आठवणी सांगण्याची रीत आहे, त्या वाचकांच्या कानांवर हा शब्द एखादे वेळीं तरी पडला असेल. पण कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यास मानमोडी कशाला म्हणतात असें विचारलें, तर तो निराळेंच उत्तर देईल. ज्या रोगांत कोंबडीची मान पिळवटते, पाय लुळे पडतात आणि चार दिवसांत खुराडें रिकामें होतें, त्या रोगास तो मानमोडी म्हणतो. कुमाऊंतील एका गांवावरून ह्याच रोगास राणीखेत हें नांव पडलें आहे.

ह्या दोन मानमोडींचा एकमेकींशीं वास्तविक कांहींएक संबंध नाहीं. त्यांचे विषाणु अगदीं निराळ्या कुळांतले. उलट १९१८ च्या मानमोडीचा खरा भाऊबंद असा जो कोंबड्यांचा इन्फ्लुएंझा, त्याला मराठींत नांवच नव्हतें. २००६ सालीं तो नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास येऊन थडकला, तेव्हां वर्तमानपत्रांनीं ‘बर्ड फ्लू’ हा इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला व तोच रूढ झाला. नांवांच्या ह्या घोटाळ्याकडे मी वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. कारण ह्या रोगाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं ओळख चुकण्याचा इतिहास आहे, आणि लस टोचावी कीं न टोचावी हा जो वाद आज जगभर चालला आहे, त्याच्या मुळाशींही ओळखीचाच प्रश्न आहे.

कथेचा आरंभ इटलींत होतो. तुरिन येथील प्राध्यापक एदोआर्दो पेरोंचितो ह्यांनीं १८७८ सालीं पीडमाँट प्रांतांतील कोंबड्यांवर आलेल्या एका भयंकर साथीचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्या काळीं कोंबड्यांचा पटकी म्हणून एक रोग विद्वानांना माहीत होता, आणि दोनच वर्षांनीं पाश्चरनें त्या पटकीच्या जंतूंवर प्रयोगशाळेंत तयार केलेली लस जगापुढें ठेवून मोठीच कीर्ति मिळविली. साहजिकच कोंबड्या पटापट मरूं लागल्या कीं तो पटकीच, अशी समजूत होती. रिवोल्ता आणि देलप्रातो ह्या दोन इटालियन पंडितांनीं १८८० सालीं हे रोग दोन आहेत असें दाखविलें. पण पटकीचा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं दिसे, ह्याचा मात्र कांहीं केल्या दिसेना. न दिसणाऱ्या शत्रूवर विश्वास ठेवावयास विद्वान मंडळी नेहमींच उशीर लावतात.

तो उशीर १९०१ सालीं संपला. सेंतान्नी व सावोनुत्सी ह्यांनीं फेरारा येथें असें सिद्ध केलें कीं, मेलेल्या कोंबडीचा रस चिनी मातीच्या ज्या गाळणींतून कोणताही ज्ञात जंतु पार होऊं शकत नाहीं, तींतून गाळून घेतला तरी तो निरोगी कोंबडीस मारतो. जनावरांच्या लाळ-खुरकुताविषयीं हीच गोष्ट लफ्लर व फ्रोश ह्या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८९८ सालीं दाखविली होती. म्हणजे विषाणु नामक सृष्टीची जगाला जी अगदीं पहिली ओळख झाली, तींत कोंबड्यांच्या मरीचा मान फार वरचा आहे. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु हातीं लागावयास १९३३ साल उजाडावें लागलें.

त्याच १९०१ सालची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जर्मनींतील ब्राउनश्वाइक शहरीं कोंबड्यांचें एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. दूरदूरचे हौशी लोक आपापलीं निवडक पाखरें घेऊन आले होते. प्रदर्शनांत मरी सुरू झाली. अधिकाऱ्यांनीं काय करावें? त्यांनीं प्रदर्शन बंद केलें आणि प्रत्येकास आपापले पक्षी घेऊन घरीं जावयास सांगितलें! एका आवारांतील आग विझविण्यासाठीं पेटलेलीं कोलतीं गांवोगांव वांटून द्यावीं, तसा हा प्रकार झाला. मरी जर्मनीभर पसरली. आजच्या वाचकास ह्याचें हंसूं येईल. परंतु हा रोग पांखांवर बसून जितका पसरला, त्याहून कितीतरी अधिक तो गाड्यांत, पिंजऱ्यांत, टोपल्यांत आणि माणसांच्या पायताणांवर बसून पसरला आहे, हें शंभर वर्षांचा इतिहास पुनःपुन्हां सांगतो.

पुढच्या अर्धशतकाकडे धांवती दृष्टि टाकली तरी पुरे. युरोपांतील प्रयोगशाळांनीं हा विषाणु सांठवून ठेवला, त्यावर उदंड प्रयोग केले, पण त्याचें गोत्र कोणास ठाऊक नव्हतें. १९५५ सालीं ट्युबिंगेन येथील वेर्नर शेफर ह्यांनीं दाखविलें कीं, कोंबड्यांच्या मरीचा हा विषाणु म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून माणसांना व डुकरांना होणाऱ्या इन्फ्लुएंझाच्या ‘अ’ वर्गांतील एक विषाणु आहे. सत्त्याहत्तर वर्षें ज्याला परका समजत आलों, तो घरचाच निघाला. १९८१ सालीं अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथें भरलेल्या परिषदेंत जुनें ‘मरी’ हें नांव टाकून ‘अतिजहाल पक्षी-इन्फ्लुएंझा’ हें नवें नांव घेण्याचें ठरलें. शास्त्राच्या दृष्टीनें तें योग्यच. पण जुन्या नांवांत जी दहशत होती ती नव्यांत उरली नाहीं असें मला वाटतें.

गोत्र समजलें, मूळ गांव कोणतें हा प्रश्न राहिलाच. १९६१ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येनें मेले आणि त्यांच्या शरीरांत हा विषाणु सांपडला. पुढें कांहीं वर्षांनीं ग्रेम लेव्हर व रॉबर्ट वेब्स्टर हे दोघे मित्र ऑस्ट्रेलियाच्या समुद्रकांठीं फिरत असतां त्यांना वाळूंत ठिकठिकाणीं मेलेले समुद्रपक्षी दिसले. हे इन्फ्लुएंझानें तर मेले नसतील ना, अशी शंका त्यांच्या मनांत आली आणि त्यांनीं प्रवाळबेटांवर जाऊन पक्ष्यांचें रक्त तपासण्याचा उद्योग आरंभिला. त्या उद्योगांतून हळूहळू जें चित्र तयार झालें तें असें कीं, जगांतील रानबदकें, कुरव, सुरय इत्यादि पाणपक्षी हे ह्या विषाणूचे पुरातन यजमान आहेत. तो त्यांच्या आंतड्यांत वाढतो, विष्ठेवाटे तळ्यांत उतरतो, आणि बदक बहुधा आजारीही पडत नाहीं. हजारों वर्षांच्या सहवासानें पाहुण्यानें यजमानाचें घर न मोडतां राहण्याची रीत शिकून घेतली होती. घर मोडूं लागलें तें तो कोंबडीकडे आल्यावर.

हा फरक कसा पडतो तें समजण्यास विषाणूची थोडी घडण पाहिली पाहिजे. मी इतिहासाचा अध्यापक. तेव्हां दृष्टांतही माझ्याच व्यवसायांतील घेतों. विषाणु ही एक आठ सुट्या पानांची पोथी आहे असें समजा. पेशींत शिरल्यावर तिच्या हजारों नकला होतात, आणि नकल करणारा लेखनिक अत्यंत निष्काळजी असल्यामुळें जवळजवळ प्रत्येक प्रतींत एखादें अक्षर चुकतें. बहुतेक चुका निरर्थक ठरतात. एखादी मात्र त्या प्रतीस उपकारक होते व तीच प्रत पुढें चालते. शिवाय पोथी बांधलेली नसल्यामुळें एकाच पक्ष्याच्या पोटांत दोन पोथ्या आल्या, तर पानांची अदलाबदल होऊन तिसरीच पोथी जन्मास येते. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना सुकथनकर व त्यांचे सहकारी निरनिराळ्या प्रतींतील समान पाठभेद पाहून कोणती प्रत कोणत्या कुळांतली तें ठरवीत. विषाणूंचे वंशवृक्ष आज अगदीं त्याच युक्तीनें लावले जातात. वरच्या आवरणावरील दोन पदार्थांवरून, ‘एच’ आणि ‘एन’ ह्यांवरून, विषाणूंचे प्रकार पाडतात. पक्ष्यांत ‘एच’ चे सोळा व ‘एन’ चे नऊ प्रकार आढळले आहेत. कोंबड्यांची मरी होण्याची शक्ति मात्र आजवर एच५ व एच७ ह्या दोघांतच प्रकट झाली आहे.

त्याचें कारण मोठें मार्मिक आहे. ‘एच’ हा पदार्थ एका ठराविक ठिकाणीं चिरला गेल्यावांचून विषाणूला नव्या पेशींत शिरतां येत नाहीं. सौम्य विषाणूच्या बाबतींत हें चिरण्याचें हत्यार फक्त आंतड्यांत व श्वासनलिकेंतच असतें, म्हणून तो तेथेंच अडून राहतो. पण त्या ठिकाणीं कांहीं विशिष्ट अक्षरें अधिक पडलीं, तर शरीरांतील हरएक अवयवांत असणारें हत्यार त्याला चिरूं शकतें; मग मेंदु, काळीज, मूत्रपिंड असें कोणतेंच दार बंद राहत नाहीं. आणि हा बदल रानबदकांत नव्हे, तर हजारोंनीं दाटीवाटीनें कोंडलेल्या कोंबड्यांत घडून येतो. १९८३ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एच५एन२ चा सौम्य रोग कोंबड्यांत दिसूं लागला. अंडीं थोडीं कमी झालीं, कांहीं कोंबड्या मेल्या. फारशी धांवपळ झाली नाहीं. ऑक्टोबरांत तोच विषाणु एकाएकीं काळ झाला. चिरण्याच्या जागेजवळ शर्करेचा एक कण होता व तो त्या जागेवर झांकण घालून बसला होता. एका अक्षराच्या चुकीनें तें झांकण उडालें, एवढेंच कारण. एक कोटी सत्तर लाख पक्षी मारून ती साथ संपवावी लागली. सौम्य म्हणून ज्याकडे सहा महिने दुर्लक्ष केलें त्याची ही किंमत.

आतां लशीकडे वळूं. येथें राणीखेतची आठवण पुन्हां होते, कारण त्या रोगावर लशीनें मोठा विजय मिळविला आहे. १९४० च्या सुमारास मुक्तेश्वर येथील सरकारी संस्थेंत राणीखेतचा विषाणु अंड्यांतून वारंवार वाढवून सौम्य करण्यांत आला व त्याची लस निघाली. लासोटा नांवाची दुसरी लस १९४६ सालीं मिळालेल्या विषाणूपासून निघाली. ती आजही आपल्याकडील कोंबडीवाले पिण्याच्या पाण्यांतून अथवा डोळ्यांत थेंब टाकून देतात. ऐंशीं वर्षांची जुनी लस अद्याप उपयोगीं पडते, कारण त्या विषाणूचे वेष बदलले तरी लशीच्या दृष्टीनें त्याचें रूप एकच राहतें. इन्फ्लुएंझाचें तसें नाहीं. त्याची जिवंत लस देणें धोक्याचें, कारण पानांची अदलाबदल होण्याची भीति. म्हणून मारलेल्या विषाणूची लस तेलांत कालवून प्रत्येक पाखराच्या अंगांत सुईनेंच टोंचावी लागते. लाखभर कोंबड्यांचा गोठा असेल तर लाख वेळां पक्षी धरावयाचा, लाख वेळां सुई. मांसाची कोंबडी सहा आठवडेच जगते. लशीचा गुण यावयास त्यांतले दोनतीन आठवडे जातात. आणि इतकें करून विषाणु वेष बदलतो तो बदलतोच.

मेक्सिकोचें उदाहरण ह्या बाबतींत फार बोलकें आहे. तेथें १९९४ सालीं एच५एन२ चा प्रादुर्भाव झाला आणि वर्षअखेरीस तो जहाल बनला. सरकारनें १९९५ च्या आरंभीं लस टोंचण्यास प्रारंभ केला. कांहीं महिन्यांतच जहाल विषाणु नाहींसा झाला, आणि लशीचा जयजयकार झाला. पण सौम्य भाऊ मागें राहिला होता. टोंचलेल्या कोंबड्यांत तो गुपचुप फिरत राहिला, आणि टोंचलेल्या शरीरांत राहावयाचें असल्यामुळें त्या लशीला चुकवील असाच जो त्याचा पाठभेद, तो टिकत गेला. लस मात्र वर्षानुवर्षें १९९४ च्या प्रतीचीच! अब्जावधि मात्रा खर्ची पडल्यावर २००४ सालीं ली, सेने व स्वारेझ ह्या संशोधकांनीं नवे व जुने विषाणु समोरासमोर ठेवून दाखविलें कीं, त्या काळांतले मेक्सिकन विषाणु मूळ लशीपासून इतके दूर गेले होते, कीं टोंचलेली कोंबडी आजारी न पडतां विषाणु मात्र वाटेल तितका बाहेर टाकीत असे. लस फसली असें मी म्हणणार नाहीं. लस टोंचून निजलें तें सरकार. कुलूप लावून किल्ली बारा वर्षें न बदलणाऱ्यानें चोरास दोष देण्यांत अर्थ नाहीं.

इकडे चीनमध्यें १९९६ सालीं ग्वांगडुंग प्रांतांतील एका पाळीव हंसांत एच५एन१ सांपडला. पुढील वर्षीं मे महिन्यांत हाँगकाँग येथें तीन वर्षांचा एक मुलगा ह्याच रोगानें मरण पावला, आणि वर्ष संपेपर्यंत अठरा माणसें आजारी पडून त्यांतील सहा दगावलीं. पक्ष्यांचा विषाणु मधल्या प्राण्यावांचून सरळ माणसाचा प्राण घेऊं शकतो, हें तेव्हांपर्यंत पुस्तकांत नव्हतें. वर्षअखेरीस हाँगकाँग सरकारनें वसाहतींतील एकूण एक कोंबडी मारविली. संख्या तेरा ते पंधरा लाखांच्या घरांत होती. (वसाहत म्हटलें ही चूक, त्याच वर्षीं जुलैपासून ती चीनच्या ताब्यांत गेली होती.) साथ थांबली, विषाणूचें मूळ मात्र पलीकडच्या चीनमध्यें शाबूत राहिलें. २००५ सालीं छिंगहाय सरोवरावर हजारों रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस अधिक. हिमालय ओलांडून हिंवाळ्यांत आपल्या जायकवाडीसारख्या जलाशयांवर उतरणारे हेच ते पाहुणे. म्हणजे बदकांकडून कोंबड्यांकडे आलेला विषाणु कोंबड्यांत जहाल होऊन पुन्हां रानपक्ष्यांत परतला, आणि त्याला पंख फुटले.

२००६ चा फेब्रुवारी महिना ह्या इतिहासांत संस्मरणीय आहे. त्या एका महिन्यांत नायजेरिया, इजिप्त, फ्रान्स, जर्मनी आणि पेरोंचितोची मायभूमि इटली ह्या सर्व देशांत हा रोग सांपडला, आणि १८ तारखेस आपल्या नवापुराचें नांव जगाच्या वर्तमानपत्रांत झळकलें. सुरत-भुसावळ रेल्वेवरील हें गांव असें आहे कीं, त्याच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रांत व अर्धा गुजराथेंत. अंड्यांच्या कोंबड्यांचे मोठमोठे गोठे तेथें उभे राहिले होते. पक्षी मरूं लागले तेव्हां तेथील लोकांनीं ती नेहमींची मानमोडीच धरली. त्यांना हंसण्याचें कारण नाहीं. बाह्य लक्षणांवरून ह्या दोन रोगांतील भेद सांगणें भल्या भल्या पशुवैद्यांनाही जमत नाहीं. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेनें नमुने तपासून निर्णय दिला, तेव्हां खरा प्रकार उघड झाला.

त्यानंतर जें झालें तें अनेकांस आठवत असेल. पांढरे झगे व मुखपट्ट्या घातलेलीं माणसें गोठ्यांत शिरलीं. पक्ष्यांच्या माना हातांनीं मोडून त्यांना चुन्यासह खड्ड्यांत पुरण्यांत आलें. सरकारनें नवापुरांत आणि पलीकडच्या उच्छल भागांत लाखों पक्षी मारले. पुढच्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांतून परसांतल्या कोंबड्यांत रोग निघाला. मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत कोंबडीचा भाव कोसळला, रेल्वेच्या जेवणांतून कोंबडी वगळली गेली, आणि ज्या जिल्ह्यांत एकही पक्षी आजारी नव्हता तेथील कोंबडीवालेही कर्जांत बुडाले. मोठ्या गोठेवाल्याचें नुकसान मोठें असतें. पण त्याच्यापाशीं कागद असतो, बँक असते, वकील असतो. ज्या आदिवासी बाईच्या दारांत सहा गांवठी कोंबड्या असतात व त्यांच्या अंड्यांवर ती मुलांची पाटी-पेन्सिल आणते, तिच्या कोंबड्या न दुखतां-खुपतां केवळ वर्तुळाच्या आंत सांपडल्या म्हणून मारल्या जातात, तेव्हां तिच्या बाजूनें बोलणारा कोणी नसतो. ती चार कोंबड्या रात्रींतून बहिणीच्या गांवीं पोंचविते. ब्राउनश्वाइकच्या प्रदर्शनांत अधिकाऱ्यांनीं जें अज्ञानानें केलें, तें ही गरजेनें करते. भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाल्यावांचून नुसतें मारण्याचें धोरण रोग लपविण्यास शिकवितें, हा आक्षेप म्हणूनच मला फार वजनदार वाटतो.

चीननें दुसरा मार्ग धरला. हार्बिन येथील पशुवैद्यक संशोधन संस्थेंत चेन ह्वालान व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नव्या तंत्रानें लस तयार केली व २००५ च्या अखेरीस देशांतील यच्चयावत् पाळीव पक्ष्यांस ती टोंचण्याचा हुकूम सुटला. २००२ ते २०१० ह्या काळांत साऱ्या जगांत मिळून ह्या लशीच्या अकरा हजार तीनशें कोटी मात्रा खर्च झाल्या. त्यांतील शेंकडा नव्वदांहून अधिक एकट्या चीननें वापरल्या. मेक्सिकोची चूक चीननें केली नाहीं: विषाणु बदलला कीं लशीचा बीजविषाणु बदलावयाचा, हें काम तेथें सतत चालूं राहिलें. त्याचें फळ २०१७ सालीं दिसलें. २०१३ पासून एच७एन९ ह्या नव्या विषाणूनें चीनमध्यें दीड हजारांवर माणसांस ग्रासून सहाशेंहून अधिक जणांचे प्राण घेतले होते. २०१७ च्या शरद्ऋतूंत कोंबड्यांस एच५ व एच७ अशी दुहेरी लस टोंचण्यास आरंभ झाला, आणि पुढच्या हंगामांत माणसांचे रोगी अवघे तीन निघाले. कोंबडीस टोंचलेली सुई माणसाचा जीव वांचविते ह्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल. तथापि चीनमधून हा विषाणु निर्मूल झालेला नाहीं, हेंही त्याच वेळीं ध्यानांत ठेविलें पाहिजे. इजिप्तनेंही लस टोंचली. पण घराघरांच्या गच्चींवरील कोंबड्यांपर्यंत सुई पोंचली नाहीं, लस व विषाणु ह्यांचा मेळ राहिला नाहीं, आणि रोग घरचाच होऊन बसला. साडेतीनशेंहून अधिक माणसें तेथें आजारी पडलीं. त्यांतील एक तृतीयांश दगावलीं.

लशीच्या विरोधकांचा सर्वांत बिनतोड आधार इन्फ्लुएंझाचा नव्हे, तर मारेकच्या रोगाचा आहे. १९०७ सालीं बुडापेस्टच्या योझेफ मारेक ह्यांनीं वर्णिलेला हा कोंबड्यांचा रोग एके काळीं सौम्य होता. १९७० च्या सुमारास त्यावर लस निघाली. ती मरण टाळते, पण लागण टाळीत नाहीं. त्यानंतरच्या दशकांत रोग अधिकाधिक काळ होत गेला. अँड्र्यू रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१५ सालीं प्रयोगानें दाखविलें कीं, जो अतिजहाल विषाणु बिनटोंचलेल्या कोंबडीस इतक्या लवकर मारतो कीं त्याला दुसरीकडे पसरण्यास सवडच मिळत नाहीं, तोच टोंचलेल्या कोंबडींत दीर्घकाळ जगून शेजारणीस लागतो. अर्धवट ढाल शत्रूस सुधारते, असा ह्याचा भावार्थ. इन्फ्लुएंझाच्या बाबतींत असेंच घडलें आहे असा पुरावा मात्र नाहीं. तेव्हां ह्या उदाहरणावरून लशीलाच अपराधी ठरविणें हें वकिली झालें, संशोधन नव्हे.

खरी अडचण निराळी आहे व ती व्यापाराची आहे. टोंचलेल्या कोंबडीच्या रक्तांत जी प्रतिकारद्रव्यें असतात, तींच रोग होऊन गेलेल्या कोंबडींतही असतात; मग विकत घेणाऱ्या देशानें ही निरोगी कीं छुपी रोगी हें कसें ओळखावें? म्हणून जो देश लस टोंची, त्याच्या कोंबड्या घेण्याचें इतर देश नाकारीत. ह्यावर इटलींत इलारिया कापुआ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं एक सुंदर तोड काढली. रोग एच७एन१ चा होता. त्यांनीं लस एच७एन३ ची वापरली. संरक्षण ‘एच’ पासून मिळे, आणि रक्तांत ‘एन१’ ची खूण दिसली कीं ती कोंबडी लशीची नव्हे, रोगाची असें ओळखतां येई. ज्या देशांत ह्या रोगाची ओळख प्रथम पटली, त्याच देशानें लस टोंचूनही ओळख कायम राखण्याची युक्ति जगास द्यावी, हा योगायोग मनोरंजक आहे.

ह्या युक्तीवर भिस्त ठेवून मोठ्या निर्यातदार देशांपैकीं फ्रान्सनें २०२३ च्या ऑक्टोबरांत आपल्या कोट्यवधि बदकांस लस टोंचण्यास आरंभ केला. अमेरिकेनें लगोलग फ्रेंच कोंबड्यांच्या आयातीवर निर्बंध घातले. पण २०२१-२२ च्या हंगामांत फ्रान्समध्यें हजारांहून अधिक गोठे रोगानें ग्रासले होते, ते २०२३-२४ मध्यें दहांवर आले. साऱ्या युरोपांतच तो हंगाम हलका गेला असल्यामुळें सगळें श्रेय लशीस देतां येणार नाहीं. तरी आंकडा विचार करावयास लावणारा खराच.

आपल्या देशानें जहाल इन्फ्लुएंझावर आजवर लस वापरलेली नाहीं. शोधणें, मारणें व पुरणें हेंच धोरण आहे. एच९एन२ ह्या सौम्य प्रकारासाठीं मात्र भोपाळच्या संस्थेनें लस सिद्ध केली आहे. मारण्याच्या धोरणाचें समर्थन एके काळीं सोपें होतें: विषाणु बाहेरून आला आहे, गोठा रिकामा करा, तो गेला. रानांतच त्याचें ठाणें बसल्यावर हें समर्थन लंगडें पडतें. नवापुरावर २०२१ च्या फेब्रुवारींत पुन्हां तीच पाळी आली व पुन्हां लाखों पक्षी मारावे लागले. माझें मत विचाराल तर, विषाणूंचे नमुने गोळा करून दर वर्षीं लशीची पारख करणारी यंत्रणा आधीं आणि लस मागाहून, हा क्रम सांभाळणार असूं तरच आपण सुई हातीं घ्यावी. आणि ती घेण्याची वेळ फार दूर आहे असें मला वाटत नाहीं. मेक्सिकोचा मार्ग स्वस्त दिसतो म्हणून तो कोणी सुचवूं लागेल, त्यास मात्र वेळींच अडविलें पाहिजे.

कारण आतां प्रश्न कोंबड्यांचा राहिलेला नाहीं. १९९६ च्या त्या हंसाचे वंशज २०२२ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेंत पोंचले. २०२३ सालीं अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलांचीं सतरा हजारांवर पिलें मेलीं, आणि २०२४ च्या आरंभीं अंटार्क्टिकाच्या भूमीवरही विषाणु सांपडला. त्याच वर्षीं मार्चमध्यें अमेरिकेंतील दुभत्या गाईंच्या कासेंत तो आढळला व पुढें हजाराहून अधिक गोठ्यांत पसरला. इन्फ्लुएंझा ‘अ’ हा गाईचा रोग असें त्यापूर्वीं कोणी मानीत नसे. कॅलिफोर्नियाचें गिधाड, ज्याचे पक्षी मोठ्या कष्टानें कांहीं शेंकड्यांपर्यंत वाढविले होते, त्यांतील एकवीस २०२३ सालीं मेल्यावर अमेरिकन सरकारनें, जें कोंबड्यांस लस टोंचूं देत नव्हतें, तेंच त्या गिधाडांस टोंचण्यास तयार झालें. आणि २०२४ च्या डिसेंबरांत नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील केंद्रांत तीन वाघ व एक बिबट्या मेले. पुढच्या महिन्यांत भोपाळहून तपासणीचा निकाल आला, तो एच५एन१ चा होता.